शहाण्या जिथं थांबायचा

ही गोष्ट पटली नाही तरी चालेल. पण ती खरी आहे. वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे गावातली आहे, मागच्या हिवाळ्यातली. ज्यांच्यासोबत घडली ते रूपराव, माझे मोठे साडू. शेवटचं तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

यात रात्र नाही. अंधार नाही. जे झालं ते शाळेच्या एका खोलीत सुरू झालं, दिवसाउजेडी, पोरांच्या देखत.

म्हणूनच विसरता येत नाही.

रूपराव बाजार समितीत वजनकाट्यावर. कापसाच्या गाड्या काट्यावर चढतात, खोलीतल्या डब्यावर लाल आकडा येतो, तो रूपराव पाहतात आणि पावती फाडतात. त्यांची बायको नलू हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायची. मूलबाळ नाही. दिवाळीच्या आधी तिला ताप आला. डेंग्यू निघाला. वर्ध्याला नेली ती बोलत बोलत. परत आणली ती झाकून.

तेरवी झाली. पाहुणे गेले. घर एवढं शांत झालं की रूपरावांनी भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दारात दोन पोरं उभी होती. अंकिता आणि साकेत. नववीतली. नलूच्या रोबोट टीममधली.

"काकाजी, मॅडमचा लॅपटॉप पाह्यजे होता," अंकिता खाली पाहत म्हणाली. "शहाण्याचा प्रोग्रॅम त्यातच आहे. वर्ध्याची स्पर्धा जवळ आली."

शहाण्या म्हणजे त्यांचा रोबोट. नाव नलूनंच ठेवलेलं. चार चाकं, वर प्लायवुडची पाटी, समोर डोळ्यांसारख्या दोन गोल डब्या. त्या डब्या म्हणजे सेन्सर. तो आपल्याला ऐकू न येणारा आवाज पुढे सोडतो. समोर काही असलं की आवाज त्यावर आपटून परत येतो आणि शहाण्या थांबतो. पाठीवर कापसाची छोटी गाठ घेऊन फळ्यांच्या वाटेनं जायचं, शेवटी ठेवलेल्या बुटक्या खोक्यात ती टाकायची. चालवायला कोणी नाही. त्यानं आपलं आपणच जायचं.

रूपरावांच्या हातून तो लॅपटॉप सुटेना. शेवटी ते स्वतःच घेऊन शाळेत गेले.

"मधात पाय टाका न काकाजी," साकेत म्हणाला.

रूपरावांनी फळ्यांवर पाय ठेवला. शहाण्या घरघरत आला आणि पायाजवळ येऊन थांबला.

"पाह्यलं? मले त माझा बाप बी एवढा मान देत नाई," साकेत म्हणाला.

रूपराव तेरवीनंतर पहिल्यांदा थोडं हसले. लॅपटॉपवर एक आकडा दिसत होता. पायापर्यंतचं अंतर, सेंटीमीटरमध्ये. त्यांनी पाय काढला. शहाण्या पुढे निघाला. अर्धी वाट गेला... पाऊण गेला...

आणि खोक्याच्या थोडा अलीकडे थांबला.

समोर काहीच नव्हतं.

"काऊन थांबला बे हा?" साकेतनं त्याला चापट मारली. "पुढं चाल न!"

शहाण्या हलला नाही.

लॅपटॉपवर आकडा होता. सतरा... अठरा... सतरा...

नागपूरहून नवीन सेन्सर मागवला. तो लावला. तरी तेच. मग पोरांनी सगळ्या फळ्या उचलून व्हरांड्यात मांडल्या. खोलीत काही अडत असेल तर बाहेर अडणार नाही.

व्हरांड्यातही तो तिथंच थांबला. खोक्याच्या अलीकडे.

अंकितानं खोक्याकडे बोट केलं. मग म्हणाली, "काकाजी... मॅडम तिथंच उभ्या राह्यच्या. खोक्यापाशी. अन् त्याले बोलवायच्या. लहान लेकराले चालायला शिकवते न, तसं. ये रे, ये, ये."

साकेत म्हणाला, "चूप राह्य न अंकिता."

रूपराव आकड्याकडे पाहत होते.

काट्यावर लोखंड ठेवा, आकडा लगेच ठरतो. पोती ठेवा, ठरतो. पण बैल जुंपलेली बंडी चढली की आकडा ठरत नाही. इकडे सरकतो, तिकडे सरकतो. कारण बैल श्वास घेतात. जितं काही उभं असलं की आकडा हलतच राहतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना हे कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

सतरा... अठरा... सतरा...

भिंत असती तर ठरला असता.

दुसऱ्या दिवसापासून रूपराव दुपारी काटा सोबतच्या बाबारावांच्या हवाली करून शाळेत जायला लागले.

"काऊन बे रूपराव," बाबाराव म्हणाले, "या वयात शाळेत नाव टाकलं काय?"

"हाव. नापास झालतो न."

खोक्याशेजारी स्टूल टाकून ते बसायचे. पोरं स्क्रू पिळायची, भांडायची. यांचं लक्ष आकड्यावर. त्या जागेतून हात फिरवला तर काही लागायचं नाही. गार नाही, गरम नाही. पण आकडा असायचा.

घरी मात्र काहीच नव्हतं. रूपरावांनी वाट पाहिली. तिची चप्पल दाराशीच राहू दिली. चहा दोन कपांत ओतून पाहिला. भांडं वाजलं नाही, पाऊल वाजलं नाही. एवढ्या मोठ्या घरात ती कुठंच नव्हती. होती ती फक्त त्या वीतभर जागेत.

एक दिवस पोरं खाली पाणी प्यायला गेली होती. एकटी अंकिता दाराशी वायर सोलत बसलेली. रूपराव वाकून हळूच म्हणाले, "नलू... घरी चाल न."

आकडा हलला.

सतरा... सोळा... चौदा... अकरा...

शहाण्या मागे सरकला नव्हता, पुढे गेला नव्हता. जे समोर होतं तेच जवळ आलं होतं.

मग बारा... पंधरा... अठरा. परत आपल्या जागी.

अंकिताच्या हातून वायर पडली. तिनंही आकडा पाहिला होता.

वर्ध्याच्या स्पर्धेत शहाण्या खोक्याच्या अलीकडे थांबला. पण बाकीच्या शाळांचे रोबोट वाटेतच फळ्यांवरून खाली पडले, म्हणून यांचा नंबर कसाबसा लागून ते नागपूरला गेले. नागपूरची फेरी जिंकायची हे नलूचं तीन वर्षांचं वेड होतं. दर वर्षी तिची टीम वर्ध्यातच संपायची. आजारपणातही तिनं ताप उतरला की नवीन चाकांचं विचारलं होतं.

नागपूरच्या हॉलमध्ये आपला नंबर यायची वाट पाहत सगळे बाकावर बसले होते. साकेत एकदम म्हणाला, "सेन्सरची वायरच काढून टाकू. वाट त त्याले पाठ आहे. दिसलंच नाई त थांबणार कायले? सरळ खोक्यात जाते."

"अन् मॅडम?" अंकिता म्हणाली.

"मॅडम गेल्या, अंकिता." साकेतचा आवाज फाटला. "मले काय कमी वाटते काय? पण त्याईलेच यायचं होतं न इथं. त्याईलेच पाह्यजे होतं हे."

दोघांनी रूपरावांकडे पाहिलं.

"नाई काढली तर?" रूपरावांनी विचारलं.

"मग नाई जात तो पुढं, काकाजी. गाठ राह्यते पाठीवर, अन् आपण घरी."

नाव पुकारलं.

पोरांच्या हातून व्हायला नको म्हणून वायर रूपरावांनी स्वतः ओढली. छोटीशी वायर. कापसातून सरकी निघावी तशी निघाली.

शहाण्या निघाला. अर्धी वाट गेला... पाऊण गेला... त्या जागेपाशी आला...

थांबला नाही.

फक्त त्याचं पुढचं चाक वर उचललं गेलं. खाली सपाट प्लायवुड. तरी उचललं आणि टेकलं. मग मागचं चाक. उचललं आणि टेकलं.

कोणाच्या पावलावरून जावं तसं.

गाठ खोक्यात पडली. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. अंकितानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

निकालात यांना उत्तेजनार्थ मिळालं. प्रत्येकी एक प्रमाणपत्र. बक्षिसं दुसऱ्या शाळांना गेली. परतीच्या गाडीत साकेत खिडकीकडे तोंड करून सिंदी येईपर्यंत रडला.

सोमवारी शाळेत वायर परत जोडली. फळ्या मांडल्या. शहाण्या सुटला तो थेट खोक्यापर्यंत गेला.

आकडा खोक्यामागच्या भिंतीचा होता. जिथं ठरायचा तिथं ठरत होता.

"नलू," रूपराव म्हणाले. पोरांसमोर, मोठ्यानं. "नलू, ऐक न. मी काढली ती. पोराईनं नाई काढली."

आकडा हलला नाही.

रोज गेले. महिनाभर रोज. मग दहावीच्या सराव परीक्षा आल्या, खोलीला कुलूप लागलं. रूपरावांचे हाल पाहून हेडमास्तरांनी शहाण्या त्यांना घरी न्यायला दिला.

संक्रांतीला मी आणि माझी बायको त्यांच्याकडे गेलो. नलू तिची सख्खी बहीण. तिळगूळ द्यायचा तर कोणाला, असं आम्ही वाटेत बोलत होतो.

दुपारचं ऊन घरात आलं होतं. रूपराव खुर्चीत बसले होते. पायाशी शहाण्या. टीपॉयवर लॅपटॉप उघडा.

"तू पाय टाक," ते मला म्हणाले.

मी टाकला. शहाण्या आला आणि माझ्या पायाजवळ थांबला.

"प्रमिला, तू टाक."

माझ्या बायकोनं टाकला. थांबला. शेजारची मांजर आडवी आली. तिच्यासमोरही थांबला.

"आता पाह्य."

त्यांनी स्वतःचे पाय समोर ठेवले. शहाण्या निघाला. सरळ गेला... जवळ गेला...

आणि त्यांच्या पायांवर जाऊन धडकला.

चाकं फिरतच होती. घासत होती. मीच धावत जाऊन त्याला उचललं.

मी लॅपटॉपकडे पाहिलं होतं. त्यावरचा आकडा त्यांच्या पायांचा नव्हता. त्यांच्या मागच्या भिंतीचा होता. जरासुद्धा हलत नव्हता.

"पाह्यलं?" रूपराव म्हणाले. "नागपूरहून आलो तवापासून असंच करून राह्यला. मले पाह्यतच नाई."

"सेन्सर खराब झाला असेल, भाऊजी," माझी बायको म्हणाली.

"हाव. असंन." त्यांनी शहाण्या माझ्या हातून घेतला आणि परत जमिनीवर, आपल्या समोर ठेवला.

त्यांना आमच्यासोबत चला म्हणून खूप विनवलं. आले नाहीत.

निघताना मी त्यांच्या पाया पडलो. नेहमीपेक्षा जास्त वेळ हात ठेवला. पाय होते. गरम होते. बोटांवर चाकांचे वळ होते.

तेवढंच मला सांगता येतं.

दाराबाहेर आलो तेव्हा आतून परत घरघर सुरू झाली होती...

मग धडकल्याचा आवाज आला. आणि आतून त्यांचा आवाज, हळू, लहान लेकराला बोलवावं तसा.

"ये रे... ये... ये..."