गुळगुळीत कड

"माझी काच अशी फुटत नाही!" कलाकारीण ठणकावून म्हणाली. टेबलावर तिच्या काचचित्राचे दोन तुकडे पडले होते. लालबुंद सूर्य मधोमध दुभंगला होता. "जग उलटं झालं तरी मी चूक कबूल करणार नाही. माझी नाहीच ती."

काचेवर काच रचून भट्टीत एकजीव करायची, हे तिचं काम. हे चित्र वाचनालयाच्या भिंतीसाठी होतं. काल सकाळी तिनं भट्टी लावली, रात्रभर ती निवली, आज झाकण उघडलं तर ही दशा. रात्री ती स्टुडिओतच झोपली होती. तेव्हा उतावळेपणानं तिनंच गरम भट्टी उघडली, असा बोभाटा झाला. संध्याकाळी ग्रंथपालबाई येणार होत्या. त्यांनाही तसंच वाटलं, तर काम जाणार आणि अब्रूही.

म्हणून तिनं वहिनींना बोलावलं. वहिनी खासगी तपास करत. सोबत त्यांचे दीर, भावजी. माणूस लाखमोलाचा, पण डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागे.

भावजींनी तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

"अहो, कापेल!"

"छे हो वहिनी. साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत आहे."

"मला तर हात लावायचाही धीर झाला नाही," कलाकारीण म्हणाली. "भट्टीतला तक्ता तसाच उचलून टेबलावर ठेवला."

भावजींची स्वारी कोपऱ्यातल्या पिवळट काचेकडे वळली. "ही कसली?"

"सूर्याचीच. भट्टीत तापली की लाल होते."

"चित्र रचताना कुणी पाहिलं?" वहिनींनी विचारलं.

"कुणीच नाही. रचताना मी दार लावून घेते. मग झाकण लावलं, भट्टी सुरू केली आणि भिंतीची मापं घ्यायला गेले. दिवसभर ग्रंथपालबाईंसोबतच होते."

शेजारचा चौकटवाला फुरंगटून बसला होता. त्याची चौकट तिनं नाकारली होती, आणि स्टुडिओची एक किल्ली त्याच्याकडेही असे.

"रागावलोय, पण काच फोडेन कशाला? आज तुकडे बघितले आणि मलाच हळहळ वाटली. काय लाल उतरला होता सूर्य!"

"हाच तो!" भावजी कुजबुजले. वहिनींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

स्टुडिओची जागा कलाकारिणीच्या थोरल्या भावाची होती, दुसरी किल्लीही त्याच्याकडेच. तो सुस्कारा टाकून म्हणाला, "मी महिनाभर इकडे फिरकलो नाही. आजही तुकडे बघवले नाहीत. पण खरं सांगू? तो फिका पिवळा सूर्य भिंतीवर उठलाच नसता. धाकटीनं आता हा नाद सोडावा. ही जागा गोदामासाठी घ्यायला गिऱ्हाईक आलंय."

संध्याकाळी ग्रंथपालबाई आल्या. वहिनींनी एक तुकडा कलाकारिणीच्या हातात दिला. "आता तूच सांग. कड बोचते का?"

तिनं बोट फिरवलं आणि ती ताठ उभी राहिली. "धार वितळलीय! म्हणजे तडा आधी गेला, काच वितळली नंतर. निवताना फुटली असती, तर बोट कापलं असतं!"

"म्हणजे रात्री नव्हे, काल सकाळी, भट्टी तापत असताना कुणीतरी झाकण उघडलं. गार हवा लागली आणि काच तडकली," वहिनी म्हणाल्या.

"तेव्हा ही माझ्याजवळ होती," ग्रंथपालबाई हळूच म्हणाल्या.

"मग चौकटवाला!" भावजी उसळले.

"त्यानं लाल सूर्य पाहिला, म्हणजे भाजून झालेला. पिवळा सूर्य फक्त भाजण्याआधी होता, तोही बंद झाकणाखाली." वहिनी भावाकडे वळल्या. "तुम्हाला तो कुठं दिसला?"

भावाच्या कपाळावर घाम आला. "मी... नुसतं बघायला उघडलं होतं."

"नुसतं बघणारा तसं सांगतो. बहिणीवर बोभाटा होऊ देत नाही."

कलाकारीण पुढे झाली. डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "दादा, माझं काम बंद पडावं म्हणून माझ्या सूर्याला हात घातलास? किल्ली ठेव. जागा हवी तर घे, भट्टी मी डोक्यावर घेऊन जाईन. काम बंद होणार नाही!"

किल्ली टेबलावर पडली. ग्रंथपालबाईंनी विचारलं, "पुन्हा कराल?"

तिनं पिवळट काच पुढे ओढली, काचकापणी उचलली आणि सगळ्यांना दार दाखवलं. "निघा आता. रचताना मला कुणी लागत नाही."