आजोबांचा आवाज कुठे गेला?

"ढापणे, आवाज वाढव गं," आत्या म्हणाली.

ढापणीने चष्मा सावरत बटण दाबलं. आवाज आधीच पूर्ण वाढवलेला होता. मोबाइलवर आजोबा हातवारे करत आत्याच्या लहानपणीची फजिती सांगत होते, पण शब्द एकही ऐकू येत नव्हता.

आत्याचा चेहरा पडला. आजोबांना जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्यांचा आवाज फक्त या एका व्हिडिओत होता. उद्या ती नोकरीसाठी दूरच्या गावी निघणार होती. "त्या कॅसेटवाल्यानेच फाइल बिघडवली असणार, हो ना?"

ढापणीने मान हलवली.

हो म्हणून हलवली खरी, पण ते खोटं होतं. कॅसेटवाल्याने जुन्या कॅसेटवरून फाइल चोख करून दिली होती. मोबाइलवर चालावी म्हणून ती बदलली ढापणीने. आकार लहान व्हावा म्हणून फाइल बदलायच्या अ‍ॅपमध्ये समोर दिसेल ती टिकची खूण ती काढत सुटली, त्यात आवाजाचीही गेली. वर नव्या गेमला जागा हवी म्हणून न तपासताच मूळ फाइल पुसून टाकली. बुरशी लागलेली कॅसेट तर बाबांनी कधीच फेकली होती.

चुलतभाऊ लंबू आणि शेजारची चिमणी यांना जिन्यात गाठून तिने सगळं ओकून टाकलं.

"शहाणीच आहेस," लंबू म्हणाला. "चल, दुकानात जाऊ."

कॅसेटवाल्याने कामातून मान वरही केली नाही. "गिऱ्हाइकाची फाइल मी ठेवत नाही. काम झालं की पुसतो."

तिघं हिरमुसून बाहेर आली. तेवढ्यात चिमणीने ढापणीची बाही ओढली. दुकानाच्या काचेमागे टीव्हीवर मुकी जाहिरात चालू होती, 'जुन्या आठवणी आता मोबाइलवर'. त्यात हातवारे करत होते आजोबा!

"न विचारता आपल्या आजोबांना जाहिरातीत घातलंय," लंबू कुजबुजला. "म्हणजे फाइल आहे. मघाशी त्याने आपल्याकडे बघितलंही नाही. तुम्ही दाराआड थांबा."

तो रुबाबात आत गेला. "काका, आमच्या घरी कॅसेटचा ढीग आहे. पण जाहिरातीतल्या त्या आजोबांचा आवाजच येत नाही. तुमच्या कामात आवाज जातो वाटतं?"

"जातो? अरे, हे ऐक." कॅसेटवाल्याने तावातावाने फाइल लावली. आजोबांचा खणखणीत आवाज दुकानभर घुमला.

ढापणी पुढे झाली. "हे माझे आजोबा आहेत."

कॅसेटवाला ओशाळला. त्याने जाहिरात बंद केली आणि मुकाट्याने फाइल पेनड्राइव्हवर भरून दिली.

या वेळी ढापणीने एकही खूण काढली नाही. संध्याकाळी आत्याने व्हिडिओ दोनदा ऐकला, डोळे पुसले आणि तिघांच्या पाठी थोपटल्या. "भले शाब्बास! आता त्या कॅसेटवाल्याला चांगलं सुनावते."

"जाहिरातीसाठी सुनाव," ढापणी कशीबशी म्हणाली. "पण बिघडवलं मी. मूळ फाइलही मीच पुसली. सकाळी खोटी मान हलवली."

आत्याने मोबाइल मांडीवर ठेवला. "खोट्याचा राग आलाय. शोधून आणलंस त्याचं कौतुकही वाटतंय. दोन्ही एकदम कसं करतात, मला कळत नाहीये."

मग तिने इअरफोनचं एक टोक ढापणीच्या कानात घातलं आणि व्हिडिओ पुन्हा लावला. गोष्ट मध्येच थांबवून आजोबा विचारत होते, "ऐकतेस ना?"

ढापणीने मान हलवली.