डाव्या डोळ्याचं स्पॅनिश

तो पहिल्यांदा आला तेव्हा माझ्या मोबाइलवर स्पॅनिशचा धडा चालू होता आणि हातात कुणाचं तरी अर्धवट रंगवलेलं बुबुळ.

"मीही शिकतोय," तो म्हणाला. "जहाजावर नोकरी लागलीय. फक्त डोळा हवाय... डावा."

कृत्रिम डोळ्यांचं वर्कशॉप आमच्या काकांचं. ते साचा घेतात, मी रंगवते. रंग जुळवायला गिऱ्हाइकाच्या चांगल्या डोळ्यात बघत बसावं लागतं. त्याचा तपकिरी होता, कडेला मधासारखा. काकांनी लगेच बजावलं, गिऱ्हाइकाला डोळा बसवायचा, गिऱ्हाइकावर डोळा ठेवायचा नाही.

बसल्याबसल्या तो सराव करायचा. एकदा हळूच म्हणाला, "ते गुस्तो."

मला हसू आवरेना. म्हणायचं होतं 'मे गुस्तास', म्हणजे 'मला तू आवडतेस'. म्हणून बसला 'तुला मी आवडतो'. मी समजावलं, हे आपल्यासारखंच आहे, जो आवडतो त्याच्यामागे क्रियापद जातं, ज्याला आवडतो त्याच्यामागे नाही. तरी दर खेपेला तो तिथंच चुकायचा. आणि ती चूक... हळूहळू खरी होत चालली होती.

डोळा पुरा होत आला आणि काहीतरी विचित्र सुरू झालं. संध्याकाळी मी तो बशीत पालथा ठेवायचे, वर फडकं टाकायचे. सकाळी फडकं तसंच, डोळा मात्र उताणा – माझ्या खुर्चीकडे वळलेला. काका म्हणाले, टेबल कललं असेल. मी खुर्चीच पलीकडे नेली. दुसऱ्या दिवशी डोळा पलीकडे वळला होता.

शेवटच्या बैठकीला त्यानं सांगितलं, त्याला रोज एकच स्वप्न पडतं. हीच खोली, पण खालून दिसणारी. माझी हनुवटी. पुटपुटणारे ओठ.

"मग तुम्ही अंधार करता," तो म्हणाला. "फडकं असतं बहुतेक."

माझी नजर बशीशेजारच्या फडक्याकडे गेली.

"काय... काय पुटपुटते मी?"

"मे गुस्तास." अगदी अचूक. "तुमच्याकडूनच शिकलो."

एकटीनं रंगवताना मी म्हणायचे ते. कुणी ऐकत नाही म्हणून.

उठून पळावं असं वाटलं. पाय हलेनात, आणि मन तर मुळीच नाही. मी डोळा बसवला, दोन्ही डोळ्यांत पाहिलं आणि मोठ्यानं म्हटलं, "मे गुस्तास. तू."

आता तो सहा महिने समुद्रावर आहे. जोडीला केलेला जादा डोळा जाताना माझ्याकडेच ठेवून गेला.

काका म्हणतात, हल्ली कामाला फार नटून येतेस.