आत्या दाराबाहेर

सांगलीतल्या त्या घरी बारशाला आलेल्या प्रत्येकीला आधी नाक पुढे करावं लागत होतं. चपला काढायच्या, हात धुवायचे आणि दाराशी स्टुलावर ठेवलेल्या डब्याएवढ्या यंत्रासमोर उभं राहायचं. बाळाचा बाप तन्मय कापसाची काडी नाकपुडीत फिरवायचा, यंत्राच्या खाचेत घालायचा, आणि चहा गाळून होईपर्यंत वरचा दिवा लागायचा. हिरवा लागला की आत.

"पूर्वी लग्नकार्यात दारात अत्तर लावायचे. आता नाकात काडी!" शेजारच्या बेबीमावशी म्हणाल्या आणि शिंकल्या. सगळ्या हसल्या. त्यांचा दिवा हिरवा लागला तेव्हा तर त्यांनी हात जोडून यंत्राला नमस्कारच केला.

यंत्राचं नाव जंतुपारखी. माणसाच्या नाकात, कातडीवर जंतूंची बिऱ्हाडं असतातच, आणि त्यातली बहुतेक निमूट राहतात. पण त्यात कुठल्याच औषधाला दाद न देणारे चिवट जंतू निघाले, तर दिवा लाल व्हायचा आणि खालच्या पडद्यावर त्या जंतूंच्या वंशाचा क्रमांक उमटायचा. शास्त्रज्ञांनी त्याला लांबलचक नाव दिलं होतं, पण लोक सरळ 'गोत्र' म्हणायचे.

हे सगळं कशासाठी, तर पाळण्यातल्या पोरीसाठी. तिच्या हृदयाला जन्मतःच भोक होतं आणि पुढच्या आठवड्यात ते शिवायचं होतं. हृदयाच्या सर्जन डॉक्टर तांबोळींनी बजावलं होतं, "बाळ हिरवं असेल तरच मी छाती उघडणार. तिला हात लावेल त्या प्रत्येकाची काडी घ्या." दवाखान्यातून घरी आणताना पोर आणि तिची आई जुई, दोघी हिरव्या होत्या. ते तसंच टिकवायचं, एवढंच काम होतं.

कराडहून मुग्धा आली. तन्मयची थोरली बहीण, म्हणजे बाळाची आत्या. बारशात आत्याचा मान पहिला. तिनंच बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगायचं आणि मग बाकीच्या बायकांचे पाठीत गुद्दे खायचे. पोरीसाठी तिनं स्वतः कुंची शिवली होती. जरीचा काठ जरा वाकडा गेला होता, पण कौतुक मोप.

"घे बाबा, घाल काडी," ती हसत म्हणाली.

दिवा लाल लागला.

"नीट फिरली नसेल," आतून आई, उज्ज्वलाबाई, म्हणाल्या. तन्मयनं दुसरी काडी घेतली. लालच.

"अरे, पण मला काय झालंय? साधी सर्दीसुद्धा नाही!"

"तुला काही होतच नसतं, ताई. तू फक्त त्यांना बाळगतेस." तन्मय पडद्याकडे बघत होता. हे जंतू कुठल्या कुठल्या औषधांना जुमानत नाहीत, त्यांची नावं तिथे सरकत होती. पहिलं नाव वाचून मुग्धाचा चेहरा पडला. ते नाव तिनं पाचसहा वर्षं रोज सकाळी हातात धरलं होतं.

"आई," ती म्हणाली, "पिंपल्सच्या गोळ्या."

सोळाव्या वर्षी मुग्धाच्या तोंडावर पिंपल्स आले होते, आणि ते साधे नव्हते. गालांवर, कपाळावर, हनुवटीखाली पिकलेल्या गाठी यायच्या. उशीवर डाग पडायचे. जो भेटेल तो शहाणपण शिकवायचा. तळकट खाऊ नको, मुलतानी माती लाव, पोट साफ ठेव. एका लग्नात तर कुणीतरी, "देवी आल्या होत्या का हिला?" असं तिच्यासमोर विचारलं होतं. त्या रात्री ती जेवली नव्हती. मग त्वचेच्या डॉक्टरांनी प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या, फक्त तीन महिने. पाणी कमी प्यायलं की गोळी घशात अडकून छाती जळायची. सहलीला उन्हात गेली तर हात भाजल्यासारखे लाल झाले. पण तोंड साफ झालं! आरशासमोरून हलावंसं वाटेना. गोळ्या संपल्या आणि महिन्याभरात सगळं पुन्हा होतं तसं. डॉक्टर म्हणाले, आता या गोळ्या नकोत, वेगळं काही बघू. उज्ज्वलाबाईंना ते पटलं नाही. जुनी चिठ्ठी घेऊन त्या ओळखीच्या मेडिकलवाल्याकडे गेल्या, आणि मग जातच राहिल्या. मुग्धाचं लग्न ठरून बघायला येणारी मंडळी थांबेपर्यंत गोळ्या चालू होत्या.

"त्या गोळ्यांनी कच्चे जंतू मारले आणि चिवट तेवढे ठेवले," तन्मय म्हणाला. "पुढची औषधं निघाली तशी ते त्यांनाही सरावले. दवाखान्यात सांगत होते."

जुई दाराशी आली, पण उंबऱ्याच्या आतच थांबली. तिचे डोळे भरले होते. "ताई, राग मानू नका. ऑपरेशन होऊ दे, मग तुम्हीच सांभाळा तिला. मी म्हणणार नाही परत द्या म्हणून."

"राग कसला गं?" मुग्धा म्हणाली. राग आलाच होता, पण तो कुणावर काढायचा ते तिला कळेना. कुंचीची पिशवीही तिनं स्वतःजवळच ठेवली.

शेवटी ठरलं की मुग्धानं व्हरांड्यात काचेच्या बंद खिडकीबाहेर उभं राहायचं आणि फोनवरून नाव सांगायचं. "फोनवरून कुर्र! काय काय बघायचं राहिलंय अजून," उज्ज्वलाबाई पुटपुटल्या. बायकांनी 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणत बाळाला पाळण्याखालून, पाळण्यावरून एकमेकींच्या हातात दिलं. बेबीमावशींनी फोन बाळाच्या कानाशी धरला. पोर बिचकून रडायला लागली. तिचे ओठ निळसर व्हायला लागले तशी जुई घाबरली.

"आण इकडे. आजीकडे कशी गप्प होते बघ," म्हणत उज्ज्वलाबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं. वाटीतल्या गुटीत बोट बुडवलं आणि बाळाच्या तोंडात दिलं. पोर चुटुचुटु चोखायला लागली. रोजच्या सवयीचं होतं ते. दवाखान्यातून आल्यापासून तेलाचं मालिश, अंघोळ, धुरी, गुटी, सगळं आजीच करत होती. बाळाच्या नाकाला नाक घासून हसवायची, तीही आजीच.

खिडकीबाहेर मुग्धानं नाव सांगायला श्वास घेतला होता. तो तसाच राहिला.

"तन्मय, आईची काडी घेतलीस का?"

"आईची? आई घरचीच की, ताई."

"मीही घरचीच होते! सगळी वर्षं मी आईशेजारी झोपले. एका टॉवेलला तोंड पुसलं आम्ही."

उज्ज्वलाबाईंचं बोट अजून बाळाच्या तोंडात होतं. त्यांनी ते सावकाश काढलं आणि मग एकदम भडकल्या. "म्हणजे मी विष कालवते होय नातीला? माझ्याच घरात माझी झडती? तू बाहेर राहिलीस म्हणून मलाही बाहेर काढतेस?"

"आई, हात जोडते. एकदा काडी घे."

जुईनं बाळ उचलून घेतलं. उज्ज्वलाबाई उठल्या, तरातरा दाराशी गेल्या आणि नाक वर केलं. तन्मयनं काडी फिरवली.

लाल. आणि खाली मुग्धाचंच गोत्र. लग्न झालं की मुलीचं गोत्र बदलतं म्हणतात. जंतूंना हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग तन्मयनं स्वतःची काडी घेतली, जुईची घेतली. दोन्ही लाल. दाराशी आलेल्या प्रत्येक पाहुणीचं नाक तपासणाऱ्या त्या घरात घरच्यांना तपासावं असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आपल्या माणसांचा कसला धोका?

शेवटची काडी बाळाची, ती जुईनंच घेतली. एवढंसं नाक ते. तिनं काडी खाचेत घातली आणि डोळे मिटले. लाल दिवा लागला तेव्हा बेबीमावशींच्या तोंडून "अगं बाई गं!" एवढंच निघालं.

डॉक्टर तांबोळींना लगेच फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "ती आजारी नाहीये," त्या म्हणाल्या. "पण आता छाती उघडली आणि हे जंतू जखमेत उतरले, तर माझ्याकडे द्यायला काही नाही."

"नाकात लावायचं मलम असतं ना?" जुईनं विचारलं.

"या गोत्राला लागू पडत नाही. नव्या औषधाचे प्रयोग चालू आहेत. आपण थांबू."

"किती थांबायचं, मॅडम?"

"ते तिचं हृदय किती दिवस देतं, त्यावर आहे," डॉक्टर म्हणाल्या.

हिरव्या दिव्याच्या बायका आपापल्या चपला शोधायला लागल्या. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? ज्यांच्या घरी लहान मुलं होती त्या तर आधी निघाल्या. बेबीमावशी जाताना नळाखाली कोपरापर्यंत हात धूत राहिल्या. पेढ्यांचं ताट भरलेलंच राहिलं.

"तोंडच बघतात गं लोक," उज्ज्वलाबाई भिंतीला टेकून म्हणत होत्या. "पोरीचं लग्न व्हावं, एवढंच मनात होतं माझ्या. अजून काय पाहिजे होतं मला?" आपल्या उजव्या हाताचं बोट त्यांनी पदरात गुंडाळून घट्ट धरलं होतं.

तन्मयनं यंत्राचं बटण बंद केलं आणि दार सताड उघडलं.

"ये आत, ताई. आता काय राहिलंय अडवायला?"

मुग्धा आत आली. ज्या दारासाठी मघापासून जीव तुटत होता ते असं उघडलं होतं. तिनं बाळाला कुंची घातली, मांडीवर घेतलं, कानाशी तोंड नेलं.

"कुर्र... शाल्मली."

गुद्दे घालायला कुणी उरलं नव्हतं. रीत म्हणून उज्ज्वलाबाईंनीच मूठ उगारली. ती लेकीच्या पाठीवर टेकली आणि तिथेच राहिली. कानात गुदगुल्या झाल्यामुळे शाल्मलीनं मात्र बोळकं पसरलं.

जुई कितीतरी वेळ मुग्धाच्या चेहऱ्याकडे बघत होती. गालांवरचे जुने, बारीक खड्डे खिडकीच्या उजेडात स्पष्ट दिसत होते. आवाज न चढवता, खरंच जाणून घ्यायचं असावं तसं तिनं विचारलं,

"ताई, त्या गोळ्यांनी तुमचा चेहरा किती दिवस साफ राहिला होता?"