फुलाबाईचं मौन

“हिला कुणी बोलावलं हितं?”

हळदीच्या पाटावरून कुंडलिक कडाडला, आणि भोंगवलीला मामाच्या दारातल्या त्या भरल्या मांडवात बायकांची गाणी एकदम थबकली! दारात फुलाबाई उभी होती... त्याची सावत्र आई. पहाटेच्याही आधी आंबवड्याहून पायी निघालेली, धुळीनं माखलेली, काखेत नव्या सुनेसाठी घेतलेलं हिरवं लुगडं.

“दुरून बघून जाईन रं लेकरा...”

“लेकरू? बारा वर्सांचा असताना मामाच्या दारात टाकलंस मला! बाप मेला तरी सांगावा धाडला न्हाईस. त्याचं त्वांडबी बघू दिलं न्हाईस!”

एका शब्दानं सारं सांगता आलं असतं... पण समोरच नवरीचे वडील कोंडिबा बसले होते. तिनं लुगडं तुळशीपाशी ठेवलं आणि ती माघारी वळली.

काय सांगणार होती ती! दहा वर्षांपूर्वी तिचा नवरा सावळाराम रक्त ओकला, तेव्हा भोरच्या डॉक्टरांनी क्षय ओळखला आणि पोराला त्या घरात ठेवू नका म्हणून बजावलं. कुंडलिक तर बापाच्या अंथरुणापासून हलत नसे! पोटी न जन्मलेल्या त्या पोरासाठी तिनं काळीज दगडाचं केलं, आणि त्याला मामाकडं पोचवलं. तो दोनदा पळून आला. दोन्ही वेळा “पुन्यांदा आलास तर तंगडी मोडीन” म्हणत तिनं त्याला गोठ्यापासूनच हाकललं, आणि तो दिसेनासा झाल्यावर गव्हाणीवर डोकं टेकून हंबरडा फोडला... सावळाराम गेला तेव्हाही पोर त्या घरात पाऊल टाकील म्हणून तिनं सांगावा धाडला नाही, आणि पुढंही तोंड उघडलं नाही. क्षयाच्या घरात मुलगी कोण देणार? पोरानं आपला जन्मभर द्वेष केला तरी चालेल, पण त्याचा संसार उभा राहू दे, एवढंच तिचं देवाजवळ मागणं होतं.

हे ठाऊक होतं एकट्या चिमाजीमामांना, आणि त्यांनाही तिनं शपथ घातलेली. पण तिची ती वाकलेली पाठमोरी मूर्ती पाहून त्यांचा बांध फुटला. भाच्याला आत ओढून त्यांनी सारं सांगून टाकलं.

हळद लागलेल्या नवरदेवानं गावाची शीव ओलांडायची नसते. कुंडलिक ती ओलांडून धावला!

ओढ्याकाठी त्यानं तिला गाठलं, तिचे पाय धरले. “आये... मला का न्हाई सांगितलंस गं?”

“सांगितलं असतं तर बापाला सोडून गेला असतास व्हय?” ती कळवळली, मग घाबरून इकडंतिकडं पाहत पुटपुटली, “हळू बोल माझ्या राजा! नवरीकडच्यांच्या कानावर जाईल.”

“जाऊ दे. म्याच सांगणार त्यांस्नी. लपवून लगीन करायचं न्हाई मला.”

आणि तिला हाताला धरून परत आणत त्यानं भर मांडवात सारं सांगितलं. कोंडिबांची मान खाली गेली. फुलाबाईनं तुळशीचा कट्टा घट्ट धरला... इतक्या वर्षांचं सोसणं मातीत जाणार का? अखेर ते उठले आणि तिच्यापुढं हात जोडून उभे राहिले.

“इहीणबाई, दुसरीचं पोर तुमी असं जपलंत. माझी लेक तुमच्याच हाताखाली नांदू द्या.”

कुंडलिक पुन्हा पाटावर बसला. “आये, आता हळद तू लाव.”

“नगं रं! म्या अशी उघड्या कपाळाची... इपरीत हुईल.”

त्यानं तिचा हात ओढून आपल्या गालावर दाबला. आसवांनी भिजलेला, दाढीनं खरखरीत झालेला तो गाल... किती वर्षांनी तिच्या तळव्याखाली आला होता! साऱ्या बायका टक लावून पाहत होत्या. फुलाबाईनं पदरानं डोळे पुसले, आणि वाटीत बोटं बुडवली.