ढवळ्याला वाट दिसेना

ढवळ्याने पाठवलेला फोटो अर्धा पांढराफटक होता आणि अर्धा काळाकुट्ट. वल्लरीने टॅबलेटचा पडदा जवळ ओढला, लांब धरला, डोळे बारीक करून पाहिलं. दगड नाही, माती नाही, वाट तर नाहीच.

"बाबा, कॅमेरा बिघडला का हो त्याचा?"

"कॅमेरा ठीक आहे," बाबा म्हणाले आणि त्यांनी पुन्हा डोळे चोळले. "जागाच तशी आहे."

जागा होती चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरची. तिथल्या ध्रुववस्तीत वल्लरी आणि तिचे बाबा, श्रीनिवास, वर्षभरापासून राहत होते. इथे सूर्य कधी डोक्यावर येत नाही. घाण्याच्या बैलासारखा क्षितिजाच्या कडेकडेने फिरत राहतो. त्यामुळे संध्याकाळ अशी होतच नाही, आणि जिथे संध्याकाळ नाही तिथे माणसं झोपणार तरी कशी? वस्तीतल्या सगळ्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. त्यात आठवडाभर पाण्याचा पंप रुसलेला. बाबांना तर उभ्याउभ्या डुलक्या येत होत्या.

ढवळ्या हा वस्तीचा बर्फ ओढणारा यंत्रमानव. सहा चाकं, एक लांब हात आणि कपाळावर एकच डोळा, म्हणजे कॅमेरा. वस्तीजवळ एक खोल विवर (उल्का आदळून झालेला प्रचंड खड्डा) होतं. त्याच्या तळाशी ऊन कधीच पोचत नसल्यामुळे तिथे बर्फ टिकून राहिला होता. तो खणून आणायचा, वितळवायचा आणि प्यायचा. पूर्वी या कामाला ढवळ्या आणि पवळ्या अशी जोडी होती. पवळ्या मोडीत निघाला आणि दोघांचं ओझं एकट्या ढवळ्याच्या खांद्यावर आलं.

आज बर्फ घेऊन वर येताना चाकांखालचा उतार घसरला. नेहमीची वाट दगडांखाली गेली. ढवळ्याचे दिवे फुटले, आणि लेझरचा किरण टाकून अंतर मोजणारं त्याचं यंत्र धुळीने बुजलं. राहिला होता तो फक्त डोळा. तो सावलीत उभा होता आणि वर, विवराच्या काठावर, ऊन होतं. तिथवर पोचला तर त्याच्या पाठीवरच्या सौरपट्ट्यांना ऊन मिळणार होतं. नाही पोचला तर बॅटरी उतरणार, आणि मग तिथली थंडी त्याला कायमचं गारठवून टाकणार.

"दुसरा फोटो काढतो," ढवळ्याचा आवाज आला. तो नेहमीच संथ बोलायचा, आज जास्तच संथ वाटत होता.

या फोटोत खालचे दगड धूसर दिसले, पण काठ दुधासारखा पांढरा होऊन गेला होता.

"एकात वरचं दिसतं, एकात खालचं," बाबा म्हणाले. "वाट मात्र दोन्हींतून जाते. मधे ऊन आणि सावलीचे पट्टे आहेत, कुठेतरी खोल चरही आहे. वाट शोधणाऱ्या प्रोग्रामला सगळं एका चित्रात दिसायला हवं."

"मग आपण जाऊन आणू त्याला."

"गाडीची चाकं काढून ठेवलीत दुरुस्तीला. चालत जायचं तर पोशाखातली हवा पुरायची नाही." बाबांनी खुर्चीला मान टेकली. "जाऊ दे, वल्लरी. तो जुना झालाय. मी... मी फार दमलोय गं."

शाळेतल्या गणितांत अडली की वल्लरी ढवळ्याला विचारायची. तो उत्तर सांगत नसे, 'पुन्हा वाच' म्हणायचा. तिला त्याचा राग यायचा आणि मग गणित सुटायचं.

ती उठली आणि भाजीघराकडे निघाली. काचेच्या त्या खोलीत, मेथीच्या वाफ्याशेजारी, नफीसाआजी डोळे मिटून बसायच्या. डॉक्टर नफीसा काझी मूळच्या कोल्हापूरच्या. ढवळ्याचा डोळा त्यांनीच घडवला होता. आता निवृत्त झाल्या होत्या. चंद्रावर वजन कमी भरतं म्हणून गुडघे खूश आहेत, एवढंच सुख उरलंय, असं त्या म्हणायच्या.

"आजी, तुमच्या डोळ्याला काही दिसत नाहीये," वल्लरी म्हणाली आणि तिने सगळं सांगितलं.

आजींनी डोळे उघडले नाहीत. "पोरी, मला आता उठवू नकोस. सांग, तो डोळा म्हणजे काय असतं?"

"कॅमेरा."

"त्याच्या आत एक संवेदक (उजेड टिपणारा पातळ तुकडा) असतो. त्यावर लाखो बारीक वाट्या मांडल्यात असं समज. कॅमेऱ्याचा पडदा उघडला की त्यांत उजेड पडायला लागतो. जास्त भरली ती वाटी फोटोत उजळ, कमी भरली ती गडद. आता वाटी काठोकाठ भरून वाहायला लागली तर?"

"किती पडलं ते कळणारच नाही."

"अगदी. तिथे नुसता पांढरा डाग. आणि जिच्यात थेंबही धड पडला नाही, ती काळी. सगळ्यात अंधुक ते सगळ्यात झगझगीत, एवढं जे अंतर एका फोटोत मावतं त्याला म्हणायचं उजेडाचा पल्ला. पृथ्वीवर हवा ऊन इकडेतिकडे पसरवते, म्हणून सावलीतही थोडं दिसतं. इथे हवाच नाही. ऊन म्हणजे भट्टी आणि सावली म्हणजे विहीर. डोळ्याचा पल्ला तोकडा पडतो."

"पण माणसाच्या डोळ्याला दोन्हीकडचं दिसतं की!"

आता आजींनी डोळे उघडले. "एका नजरेत नाही दिसत. उजेडाकडे पाहिलं की बाहुली आकसते, अंधाराकडे वळलं की पसरते. डोळा फिरत राहतो आणि मेंदू सगळे तुकडे जोडतो. ढवळ्याकडूनही तेच करून घेऊ. एक फोटो पापणी लवेल इतक्या वेळात, त्यात फक्त ऊन दिसेल. पुढचा त्याहून जास्त वेळ डोळा उघडा ठेवून. असं वाढवत वाढवत शेवटचा खूप लांब, फक्त सावलीसाठी. मग प्रत्येक फोटोतल्या ज्या वाट्या नीट भरल्यात तेवढ्याच उचलायच्या."

आजी गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या. "चल. नाहीतर झोप तरी कुठे येणारे."

बाबा अजून खुर्चीतच होते. आजींना पाहून ते उठायला लागले, तशा त्या म्हणाल्या, "बस रे बाबा. आपण सगळेच एका माळेचे मणी." त्यांनी माइक वल्लरीच्या हातात दिला.

"ढवळ्या, फोटो छोटे करून पाठवू नकोस," आजी सांगतील तसं वल्लरी बोलू लागली. "कच्चेच पाठव, म्हणजे वाट्यांत जे मोजलंस ते काही न गाळता. डोळ्याचं छिद्र बदलायचं नाही, नुसता वेळ वाढवायचा. आणि जागचा हलू नकोस."

फोटो आले. आजींच्या जुन्या टॅबलेटवर त्यांनीच तरुणपणी लिहिलेला प्रोग्राम होता. त्याने फोटो एकमेकांवर ठेवून जुळवले, पण सावलीच्या भागात प्रत्येक दगड फरफटल्यासारखा दिसत होता.

"फोटो थोडे सरकले असते तर प्रोग्रामने ओढून बसवले असते," आजी पुटपुटल्या. "हा तर शेवटचा लांब फोटो मुळातच हललाय. ढवळ्या कशाने हलतोय?"

बाबांनी मान वर केली. "बॅटरी उबदार ठेवणारा पंप. तो सारखा थरथरतो."

"बंद कर," आजी म्हणाल्या.

"बंद केला तर एवढ्या थंडीत पुन्हा सुरू होईलच असं नाही."

मग वल्लरीनेच माइक उचलला.

"ढवळ्या, ऐकलंस?"

"ऐकलं," ढवळ्या म्हणाला. "वल्लरी, दमणं म्हणजे काय ते मला माहीत नाही. पण सगळं करायला पूर्वीपेक्षा वेळ लागतोय. तुम्ही त्यालाच दमणं म्हणत असाल. पंप चालू ठेवला तर मी इथेच उभा राहीन आणि हळूहळू थांबेन. बंद केला तर कदाचित लवकर थांबेन, कदाचित घरी येईन. दुसरं बरं वाटतं."

वल्लरी माइकवर वाकली. "हात जमिनीला टेकव मग. चाकांसोबत त्याचाही आधार होईल. फोटोग्राफर कॅमेरा तिपाईवर ठेवतात तसा."

"टेकवला. पंप बंद करतो."

रेडिओवर त्याच्या बोलण्यामागे सतत चालणारी बारीक घरघर थांबली. ती आपल्याला इतके दिवस ऐकू येत होती हे वल्लरीला तेव्हाच कळलं. फोटो एकामागून एक येऊ लागले. शेवटच्याला फार वेळ लागला. बाबा खुर्चीतून उठून तिच्या मागे येऊन उभे राहिले होते.

"झालं," ढवळ्या म्हणाला. "पंप चालू करतो." घरघर आली नाही. "पुन्हा चालू करतो."

आणि घरघर परत आली. बाबांनी इतका मोठा श्वास सोडला की वल्लरीचे केस उडाले.

या वेळी फोटो तंतोतंत बसले. प्रोग्रामने नीट भरलेल्या वाट्या निवडून एकच चित्र तयार केलं, तरी पडदा अजून अर्धा काळाच होता.

"असं का?" वल्लरी रडवेली झाली.

"माहिती सगळी आलीय, पण एवढा पल्ला दाखवणं पडद्याला झेपत नाही," आजी म्हणाल्या. "लग्नात ताशा आणि बासरी एकदम वाजली तर बासरी ऐकू येईल का? मग ध्वनिमुद्रण करणारा काय करतो? ताशा खाली आणतो, बासरी वर उचलतो. इथेही ऊन दाबायचं आणि सावली उचलायची. याला छटा बसवणं म्हणतात. पडद्यावरची ही पट्टी सरकव."

वल्लरीने पट्टी पार टोकापर्यंत सरकवली. एकदम सगळं उजळून निघालं! दगड, चर, काठ, सगळं लखलखीत. प्रत्येक दगडाभोवती सुंदर पांढरी कडा होती. बाबांनी ते चित्र वाट शोधणाऱ्या प्रोग्रामला दिलं. तो थोडा वेळ शोधत राहिला आणि म्हणाला, "वाट नाही. सगळीकडे अडथळे."

बाबा पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. वल्लरीने चित्राकडे पुन्हा पाहिलं. पुन्हा वाच, ती स्वतःशीच म्हणाली. दगडांभोवती ही चमक कुठून आली? पृथ्वीवर धुक्यात दिव्याभोवती असं वलय दिसतं. पण इथे धुकं कसलं, हवाच नाही.

"आजी, ह्या कडा खोट्या आहेत! दगडाला तेज असायला इथे हवा कुठाय? मी पट्टी जास्त सरकवली म्हणून त्या आल्या, आणि प्रोग्रामला त्या भिंतीच वाटतायत."

नफीसाआजी हसल्या. दिवसभरात पहिल्यांदाच. "शाब्बास गं! फोटो सजवायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. आपल्याला छान दिसायला नकोय, खरं दिसायला हवंय."

वल्लरीने पट्टी हळूहळू मागे आणली. चमक विरली. चित्र फिकं, करडं झालं, दमलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखं. पण त्यात सगळं होतं. आणि उजवीकडे, चराला वळसा घालून, सावलीतून उन्हात जाणारी जमिनीची एक अरुंद पट्टी होती.

"वाट सापडली," प्रोग्राम म्हणाला.

ढवळ्या निघाला. तो इतका हळू चालत होता की वल्लरीला वाटलं, थांबलाच. एका दगडापाशी चाक अडलं, त्याने हाताने रेटा दिला. त्याचं बोलणं बंद झालं होतं, बॅटरी वाचवायला. मग बाबांच्या पडद्यावरचा उतरता आकडा थबकला आणि वर सरकला. ढवळ्याच्या पाठीवर ऊन पडलं होतं.

"पोचलो काठावर," तो म्हणाला. "बर्फ थोडा सांडला. माफ करा."

"सांडू दे रे," बाबा म्हणाले. "मघाशी मी तुला... तू ये घरी सावकाश. आता महिनाभर तुझ्या एकट्यावर ओझं नाही टाकणार."

आजी मात्र अजून चित्रच न्याहाळत होत्या. त्यांनी सावलीचा एक कोपरा मोठा केला. विवराच्या भिंतीत, काठापासून फार खाली नाही अशा जागी, आजूबाजूच्या दगडांपेक्षा किंचित उजळ असा पट्टा होता.

"हीसुद्धा खोटी कड आहे का?" वल्लरीने विचारलं.

"पट्टी मागे आणल्यावरही टिकलीय. समोरच्या काठावरून परावर्तित झालेल्या उजेडात दिसली असेल. बर्फ असेल, तर ढवळ्याला तळापर्यंत उतरायलाच नको. नाहीतर नुसता फिकट दगड. आणखी फोटो काढल्याशिवाय नाही सांगता यायचं." आजींनी टॅबलेट वल्लरीच्या मांडीवर ठेवला. "इतकी वर्षं भिंतीवरच्या त्या अंधारात काही नाही असं धरून चाललो होतो आम्ही."

बाबा एव्हाना खुर्चीतच झोपले होते. खिडकीचा जाड पडदा वल्लरीने ओढून घेतला, त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं, आणि ढवळ्या वस्तीच्या दारापाशी पोचेपर्यंत त्या उजळ पट्ट्याची कुठली कडा खरी, कुठली खोटी हे ती पाहत बसली.