वटवाघळाचा पंख

तो वाद्यदुरुस्तीच्या कारखान्यात आला तोच पाठमोरा. हातातली पेटी इतकी वेडीवाकडी, की दारातून सरळ शिरेचना. मागे सरकत, सॉरी सॉरी म्हणत तो आला आणि थेट तिच्या भुशाच्या टोपलीत बसला.

"आधी गिटार उतरवायची, मग आपण बसायचं," हातातली पटाशी न थांबवता ती म्हणाली.

पण पेटी उघडली आणि पटाशी थांबलीच. काळीभोर इलेक्ट्रिक गिटार, पंख पसरलेल्या वटवाघळाच्या आकाराची! एका पंखाचं टोक मात्र तुटून वेगळं पडलेलं.

"बसून वाजवलीत ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"असल्या आकाराला मांडी पुरते कुठे? घसरणारच. हिला उभ्यानं वाजवायचं... मान ताठ ठेवून."

तो हसला. त्याच्या घरी म्हणे अशा बऱ्याच होत्या. एक चांदणी, एक मासा, एक तर चक्क कुऱ्हाड. "साध्या गिटारी सगळेच सांभाळतात हो... ह्या वेड्यांना कोण आहे?" हे म्हणताना त्यानं तुटक्या पंखावरून असा काही हात फिरवला, की तिनं बंद असलेलं सरसाच्या डब्याचं झाकण उगाच पुन्हा घट्ट केलं.

गिटार न्यायला आला तेव्हा तो सांधा शोधत राहिला. सापडेना.

"कुठे जोडलंय?"

"दिसला तर माझं काम वाया," ती म्हणाली. मान जरा जास्तच ताठ होती.

कारखाना तिच्या काकांचा. पाटीवर आपल्या नावाखाली पुतणीचं नाव घालायचं, हे त्यांनी एकदाचं ठरवलं. रंगारी दुपारी यायचा होता... आणि सकाळीच दारातून ती पेटी मागे मागे सरकत आत आली.

"पुन्हा तुटली," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तिथेच. सांधा सुटला."

काकांचा चेहरा उतरला. "मग बाई, रंगाऱ्याला तूर्त नको म्हणतो. पाटीवरचं नाव म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेला शब्द असतो."

तिनं तुकडा उचलला. पक्का सांधा कधी सुटत नाही. तुटलंच तर शेजारचं लाकूड फाटतं, कुसळं निघतात. इथे तर सगळं सपाट... आणि त्यावर बारीक दातांच्या रेघा.

करवत!

एका शब्दात सांगता आलं असतं. पण स्वतःच्या सांध्याची वकिली ती कशाला करेल? रेघा वर करून तिनं तुकडा त्याच्यापुढे ठेवला.

"नीट बघून सांगा. सांधा सुटला?"

तो कानापर्यंत लाल झाला. "नाही... सुटला नाही. मी कापला."

"काय कापलं?" काकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

"आधी गादीवर आपटून पाहिली. तुमच्या पुतणीचा सांधा ढिम्म हलेना. मग करवत घेतली."

"अहो, गिटारी जमवणारे ना तुम्ही? मातीमोल केलीत की!"

"केली. पण काम इतकं चोख झालं, की इथे यायला कारणच उरलं नाही हो..."

काकांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा पुतणीकडे. मग रंगाऱ्याला फोन करायला ते बाहेर गेले. फोन खिशात, पण बाहेरच गेले.

"करवतसुद्धा तिरपी धरलीत," ती म्हणाली. आवाज करडा, पण ओठ ऐकेनात.

"शिकवा मग."

"करवतीनं खाल्लेलं लाकूड आता भरावं लागेल." तिनं फळीवरून पिवळसर लाकडाची एक पट्टी निवडली आणि काळ्या पंखाला लावून बघितली. अंधारात उजेडाची फट दिसावी तशी ती उजळली.

"पण हा सांधा तर दिसेल!"

"दिसू दे," ती म्हणाली. "कोणी विचारलं, तर कोणासाठी कापला तेही सांगा."

बाहेर काका ठणकावून सांगत होते, "तिचं नाव माझ्याएवढ्याच अक्षरांत! बारीक नको!"

"आणि हो," पट्टीवर रंधा चालवत, वर न बघता ती म्हणाली, "पुढच्या वेळी रिकाम्या हातांनी या. दारातून सरळ येता येतं."